अडलेला घास आणि बर्फाचा स्पर्श

पंगतीत वाढून झाले की यजमान हात जोडून म्हणतात, "सावकाश होऊ द्या." हे शब्द आपण इतक्या वेळा ऐकलेले असतात की त्यांत काही अर्थ असेल असे मनातही येत नाही. घास तोंडात घातला, चावला, गिळला; त्यात सावकाश काय आणि घाईने काय! पण ज्याच्या घरी अर्धांगवायूचा रोगी आहे त्याला विचारा. अंगावरून वारे गेलेल्या माणसाचा हात हलत नाही, बोलणे जड झाले आहे, हे आल्यागेल्याला दिसते. त्याला घोटभर पाणीदेखील धड गिळता येत नाही, ही गोष्ट मात्र बहुधा पहिला ठसका लागेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. या गिळण्याविषयी, आणि ते अडले असता बर्फाच्या नुसत्या स्पर्शाने ते जागे करण्याचा जो एक उपचार आहे त्याविषयी, आज तुम्हांला चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

हा विषय प्रथम मला पुस्तकात भेटला नाही. तो आमच्या घरातच आला. खेड्यात राहणाऱ्या माझ्या थोरल्या मामांच्या अंगावरून एका पहाटे वारे गेले. उजवी बाजू लुळी पडली. दोन दिवसांनी थोडे सावध झाले तशी मामींनी मोठ्या मायेने बाजेवर पडल्या पडल्याच त्यांना चमच्याने चहा पाजला. जोराचा ठसका लागला. शेजारचे गृहस्थ धावले, डोक्यावर टपल्या मारीत म्हणू लागले, "वर बघा, वर बघा!" आपण सगळेच असे करतो. चौथ्या दिवशी मामांना ताप भरला, छातीत घरघर सुरू झाली. तालुक्याच्या गावी नेले तेव्हा कळले की चहा पोटात न जाता थोडाथोडा फुप्फुसात उतरत होता, आणि त्यातून न्यूमोनिया झाला होता. नाकातून नळी घातली गेली. त्यानंतर पुढे एक बाई आल्या. त्या वाचोपचाराचे, म्हणजे बोलणे आणि गिळणे सुधारण्याचे शिक्षण घेतलेल्या होत्या. त्यांनी बर्फ मागितला तेव्हा मामी दचकल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अरे, वाऱ्याच्या माणसाला थंड कसं चालेल? बाधेल ना!"

मामींची शंका वेडगळ नव्हती. तिचे उत्तर द्यायचे तर आधी गिळणे म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे.

आपला घसा हा एक चौक आहे. वरून नाकाचा रस्ता येतो, पुढून तोंडाचा येतो. खाली दोन नळ्या निघतात: पुढे श्वासनलिका, तिच्या पाठीमागे अन्ननलिका. आता गंमत पाहा. अन्न येते पुढच्या बाजूने आणि त्याला जायचे असते मागच्या नळीत. हवा येते मागून आणि तिला जायचे असते पुढच्या नळीत. म्हणजे हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. रेल्वेची गाडी येण्यापूर्वी फाटक पडावे लागते, तसे घास चौकात येण्यापूर्वी श्वासाचा रस्ता बंद व्हावा लागतो. श्वास क्षणभर थांबतो. स्वरयंत्र वर उचलले जाते. त्यावरचे पानासारखे झाकण लवते. आतले स्वरतंतू घट्ट मिटतात. आणि त्याच क्षणी अन्ननलिकेचे वरचे तोंड उघडते. घसा ओलांडण्याचे हे सारे काम एका सेकंदाच्या आसपास उरकते. त्यात तोंडाचे व घशाचे मिळून तीसेक स्नायू क्रमाने काम करतात. पुढे सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून घास खाली जातो, ते काम सावकाश चालते. जेवताना बोलू नये असे आजी सांगत असे त्याचे कारण हेच. बोलायला श्वास लागतो, आणि श्वास व घास यांना चौक एकच आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे वर्गात अगदी सहज दाखविता येते. मुलांना गळ्याच्या घाटीवर हलके बोट ठेवून आवंढा गिळायला सांगा. घाटी वर उचलली जाऊन खाली येते, ते बोटाला कळते. मग दुसरा प्रयोग करा. तोंडात काही न घेता लागोपाठ पाच-सहा वेळा नुसताच आवंढा गिळायला सांगा. पहिला जाईल, दुसरा जाईल. तिसऱ्या-चौथ्याला वर्ग अडखळेल, हसू फुटेल. असे का? तोंडातली लाळ संपली! गिळण्याची सुरुवात आपल्या इच्छेने होते खरी, पण घशाला काहीतरी लागले, जाणवले, तरच पुढचे चक्र फिरते. त्या जाणिवेची खबर मज्जातंतूंवाटे मेंदूच्या देठाकडे, ज्याला लंबमज्जा म्हणतात तिकडे, जाते आणि तेथून स्नायूंना एकामागून एक हुकूम सुटतात. तो हुकूम एकदा सुटला की मग आपल्याला मध्येच थांबविता येत नाही.

ही दुसऱ्या प्रयोगातील अडचण ध्यानात ठेवा. आपल्या विषयाची किल्ली तीच आहे.

अर्धांगवायूत काय होते? मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. घशाची जाणीव बोथट होते किंवा वरून येणारा हुकूम दुबळा पडतो. घास किंवा घोट चौकात येऊन पोचतो, पण फाटक पडायला उशीर होतो. कधी दोन सेकंद, कधी पाच, कधी त्याहून अधिक. झटका आल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत निम्म्याच्या आसपास रोग्यांना गिळण्याचा काही ना काही त्रास असतो. कंपवात, डोक्याला बसलेला मार, घशाचे कर्करोग यांतही हा त्रास होतो.

येथे घरोघरी एक चूक होते. आपण समजतो, घट्ट अन्न जाणार नाही तर निदान पाणी जाईल, चहा जाईल. पुष्कळदा प्रकार नेमका उलटा असतो. मऊ घट्ट घास जिभेवर थांबतो, हळूहळू सरकतो. पाणी थांबत नाही. फाटक पडायच्या आतच ते चौक ओलांडून भलत्या नळीत शिरते. म्हणून एखादा रोगी मऊ भात नीट खातो आणि चहाने मात्र ठसकतो. त्याहून वाईट गोष्ट अशी, की काही रोग्यांची जाणीव इतकी मंदावलेली असते की पाणी श्वासनलिकेत गेले तरी ठसकासुद्धा लागत नाही. घरचे म्हणतात, "आज कसा शांतपणे प्याला!" आणि आठवड्याने ताप येतो.

आता बर्फाकडे वळू. आरसा हातात घेऊन, तोंड मोठे उघडून, बॅटरीचा उजेड घशात पाडा. मध्ये पडजीभ लोंबताना दिसेल. तिच्या दोन्ही अंगांनी खाली उतरत गेलेली मांसल कमान दिसेल. या कमानीचे पुढचे दोन खांब म्हणजे गिळण्याच्या जाणिवेचे नाके. घशाच्या कोणत्या जागी स्पर्श केला असता माणसात गिळण्याची क्रिया सुटते, याचा शोध पॉमरेंके नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९२८ साली घेतला, आणि बहुतेकांत हे पुढचे खांबच सर्वांत हळवे असल्याचे त्याला आढळले.

या माहितीचा रोग्यासाठी उपयोग करण्याची पद्धत रूढ केली ती जेरी लोगमन या बाईंनी. जन्म १९४२, मृत्यू २०१४. शिकागो शहराजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात त्या वाचोपचाराच्या प्राध्यापिका होत्या. क्ष-किरणांखाली दिसणारे बेरियम अन्नात मिसळून रोग्याला देणे आणि त्याच्या गिळण्याचे चलच्चित्र घेऊन घोट कोठे, किती वेळ अडतो ते पाहणे, ही तपासणी त्यांनी पद्धतशीर बसविली. १९८३ साली गिळण्याच्या दोषांवर त्यांचे पुस्तक निघाले, आणि वाचोपचाराच्या विद्यार्थ्यांत ते सर्वत्र वापरले जाऊ लागले.

त्यांची रीत दिसायला फारच साधी. घसा तपासणारे डॉक्टर लांब दांडीचा, बोटाच्या नखाएवढा एक छोटा गोल आरसा वापरतात. तो काही सेकंद बर्फात ठेवून गार करायचा. रोग्याने तोंड उघडले की आरशाची पाठ त्या खांबाच्या बुडाशी टेकवून हलकेच खालीवर पाच-दहा वेळा फिरवायची. एका बाजूस झाले की दुसऱ्या बाजूस. आरसा बाहेर काढायचा, तोंड मिटायचे आणि लगेच रोग्याला सांगायचे, "गिळा." ज्याला झेपेल त्याला अगदी थोडे गार पाणी, ज्याला झेपणार नाही त्याने नुसता आवंढा. असे दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी काही मिनिटे, आणि काही आठवडे. जपानात याच जातीचा एक उपचार चालतो. तेथे काडीला कापूस गुंडाळून, पाण्यात भिजवून ती गोठवितात, आणि कमान, जिभेचे मूळ, घशाची मागची भिंत यांवरून हलके फिरवून मग आवंढा गिळायला सांगतात.

पण गारवाच का? आपल्या मज्जातंतूंच्या टोकांना गारव्यासाठी निराळी सूक्ष्म दारे असतात. अंगाच्या उबेपेक्षा बरेच खाली, सुमारे २५ अंशांच्या आसपास, तपमान उतरले की ती उघडतात आणि मेंदूकडे खबर जाते. पुदिन्याच्या अर्कानेही हेच दार उघडते. म्हणून पेपरमिंटची गोळी गार नसूनही गार लागते. हे दार २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन या दोघांनी स्वतंत्रपणे शोधले, आणि उष्णता, गारवा व स्पर्श यांच्या जाणिवेवरील कार्यासाठी दोघांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आरशाच्या टेकण्याने स्पर्शाची खबर जाते, त्याच्या गारव्याने थंडीची खबर जाते. दोन्ही खबरा एकदम गेल्या की पेंगुळलेले केंद्र जागे होण्याचा संभव वाढतो. वर्गातला तो प्रयोग आठवा: लाळ संपली तेव्हा घशाला खबर नव्हती, म्हणून आवंढा अडला. रोग्याला लाळ असूनही खबर पोचत नाही. म्हणून ती बाहेरून, जरा मोठ्याने द्यावयाची.

मामींना मी हेच सांगितले. "मामी, बर्फ पाजायचा नाहीये. नुसता लावायचाय. दारावर थाप मारावी तसा." त्या म्हणाल्या, "मग ठीक आहे. पण थाप मारून दार उघडेलच का?"

हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही स्वतःला विचारला, आणि त्याचे उत्तर तुमच्यापासून लपवून ठेवणे बरे नव्हे. १९८६ साली लोगमनबाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जासंस्थेचा विकार असलेल्या २५ रोग्यांवर हा स्पर्श करून पाहिला. त्यांतील २३ जणांचे गिळणे स्पर्शानंतर लगेचच्या घोटांना लवकर सुरू झाले. आनंदाची गोष्ट! पण पुढे रोझेनबेक या संशोधकाने निराळी कसोटी लावली. १९९१ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी अर्धांगवायूच्या सात रोग्यांना काही दिवस उपचार, काही दिवस बंद, असे आलटून पालटून पाहिले; टिकाऊ सुधारणेचा ठाम पुरावा मिळाला नाही. १९९६ साली २२ रोग्यांत त्यांना तात्काळ फायदा पुन्हा दिसला. १९९८ साली त्यांनी आठवड्याला १५०, ३००, ४५० आणि ६०० वेळा स्पर्श असे चार गट करून पाहिले, तर अमुक मात्रा इतरांहून सरस असे काही ठरेना. २००३ साली निरोगी १४ माणसांवर स्पर्श, गारवा आणि आंबट चव हे निरनिराळे व एकत्र वापरून पाहिले गेले. तिन्ही एकदम दिले तेव्हाच गिळणे लवकर सुरू झाले, आणि तेही पहिल्याच घोटापुरते.

तात्पर्य काय? गार स्पर्शाने दार लगेच उघडण्यास मदत होते, हे पुष्कळ वेळा दिसले आहे. ते कायमचे सुरळीत होते, असे सिद्ध झालेले नाही. शिवाय अर्धांगवायूच्या पुष्कळ रोग्यांचे गिळणे पहिल्या काही आठवड्यांत आपोआपही सुधारते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसे उपचार सुरू असतानाच रोगी निसर्गाने बरा होऊ शकतो. आमचे मामा सातव्या आठवड्यात मऊ खिमट खाऊ लागले आणि नळी निघाली. मामी आजही त्याचे श्रेय बर्फाला देतात. मी वाद घालीत नाही. पण तुम्हांला सांगताना मात्र, नेमके कशाने झाले हे एका रोग्यावरून ठरत नाही, एवढे सांगणे माझे कर्तव्य आहे.

मग हा उपचार करायचा कशाला? तर गिळण्याचा सर्वांत चांगला व्यायाम म्हणजे गिळणे. ज्याला दहा मिनिटांत एकही आवंढा येत नाही, त्याला थंड स्पर्शाने पाच-सहा आले, तर तेवढी मेहनत स्नायूंना घडली. जेवणापूर्वी स्पर्श केला तर पहिले घास सांभाळून जाण्यास मदत होऊ शकते. म्हणून जाणकार मंडळी तो एकटा वापरीत नाहीत. मान व हनुवटी ठेवण्याची रीत, जिभेचे व घशाचे व्यायाम, अन्न दाट करणे, यांच्या जोडीला वापरतात.

आता काही सूचना. त्या घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.

पहिली गोष्ट, हा उपचार शिकून घेतल्याशिवाय घरी करू नये. कोणाचा घास कोठे अडतो हे पाहिल्यावाचून बर्फ लावण्यात अर्थ नाही. रोगी नीट जागा नसेल, वांती होत असेल, किंवा तोंडात काही घातले की दात घट्ट आवळीत असेल, तर मुळीच करू नये. काडी तुटून घशात जाण्याचे भय असते.

दुसरी गोष्ट, बर्फाचा खडा चघळायला देणे म्हणजे हा उपचार नव्हे. खड्याचे पाणी होते, आणि पातळ पाण्याचाच तर धोका! तसेच गोळेवाल्याचा किंवा मासळीवर घालायचा बर्फ या कामी आणू नये. शिकविलेली काडी घरी गोठवायची तर उकळून गार केलेल्या पाण्यात.

तिसरी गोष्ट, जी बर्फाहूनही मोलाची आहे. अंगावरून वारे गेलेल्या माणसाला दवाखान्यात गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही देऊ नका. पाणी नाही, चहा नाही, औषधाची गोळीही नाही. माया आवरावी लागते, पण आवरा. पुढे परवानगी मिळाली की पाठीला लोड-तक्क्या देऊन अगदी ताठ बसवून भरवा. लहान घास, एक गिळल्यावर दुसरा. जेवण झाल्यावरही अर्धा तास आडवे करू नका. मान मागे टाकून पाणी ओतू नका. ठसका लागला तर "वर बघा" म्हणू नका. मान किंचित पुढे झुकवून खोकू द्या. घोट घेतल्यावर आवाज ओलसर, गुळण्या केल्यासारखा येऊ लागला तर थांबा. तीही पाणी भलतीकडे गेल्याची खूण आहे.

चौथी गोष्ट, तोंड स्वच्छ ठेवा. नळी घातली म्हणून दात घासायचे नाहीत, असा समज आढळतो. लाळेबरोबर तोंडातले जंतूच फुप्फुसात उतरतात. जपानमधील ११ वृद्धनिवासांत दोन वर्षे केलेल्या पाहणीत, ज्यांचे दात व तोंड रोज जेवणानंतर स्वच्छ केले गेले त्यांच्यांत न्यूमोनिया शेकडा ११ जणांना झाला. इतरांत शेकडा १९ जणांना. एक ब्रश आणि पाच मिनिटे, एवढाच त्याचा खर्च.

हे शिकायचे कोठे, असे विचाराल. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात वाचोपचारतज्ज्ञ आहेत का, ते डॉक्टरांना विचारा. "बोलता येत नाही" एवढेच न सांगता "गिळता येत नाही" हेही आवर्जून सांगा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था त्याहून जुनी, १९६५ सालची. या विद्येचे लोक अशा संस्थांतून शिकून बाहेर पडतात. आपल्याकडे ते अजून थोडे आहेत हे खरे. म्हणूनच गावातल्या शिक्षकाला एवढे ठाऊक असणे फार उपयोगी. वर्गातले एखादे पोर सांगते, "गुरुजी, आजोबांना काल वारं गेलं, आई त्यांना पेज पाजतेय," तेव्हा त्या घरी जाऊन "थांबा, आधी बसवा, आधी विचारा" असे सांगणारा माणूस गावातच हवा.

मामींच्या घरी आता पाहुण्यांना वाढले की त्या नेहमीप्रमाणे "सावकाश होऊ द्या" म्हणतात. मामांच्या पुढ्यात वाटी ठेवताना मात्र त्यांची पाठ ताठ आहे की नाही हे आधी हाताने चाचपून पाहतात, घाटी वर जाऊन खाली आलेली पाहतात, आणि मगच दुसरा चमचा भरतात.